म्हणे, ‘जादा कलम कोर्टात गळतं’

‘पोलिसांनी चार कलमं जास्त लावली म्हणून काय बिघडलं? फालतू असतील ती कोर्टात आपोआप गळतात. आणि रद्द झालेलं कलम आता कोण लावतंय?’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते धडधडीत खोटं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिणारी पालघरची मुलगी आणि ते ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दलचं कलम होतं. २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते घटनाबाह्य ठरवलं. तरीही त्यानंतर त्याखाली १,३०७ गुन्हे नोंदले गेल्याचं २०२१ साली न्यायालयापुढे आलं. सर्वाधिक, ३८१, आपल्या महाराष्ट्रात! त्यावरचा सरकारी खुलासा तर भारीच होता: छापील कायद्यात कलम तसंच दिसतं, रद्द झाल्याचं तळटीपेत असतं. ठाणेदाराने तळटीप वाचली नाही, तर लॉकअप कोणाच्या वाट्याला?

आता ‘आपोआप गळतात’. शेजाऱ्याच्या थोबाडीत मारली, शिवी दिली, तर भारतीय न्याय संहितेचं ११५(२) आणि ३५२. दोन्ही अदखलपात्र, म्हणजे एनसी. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपाससुद्धा करू शकत नाहीत. पण फिर्यादीत ‘हत्याराने मारलं’ एवढं घालून ११८(१) जोडलं की फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७४(४)प्रमाणे अख्खं प्रकरण दखलपात्र. हत्यार नव्हतंच, हे कोर्टात कधीतरी ठरेलही. तोवर तपास, बिनवॉरंट अटकेची टांगती तलवार, जामिनाची धावपळ हे सगळं उरकलेलं असतं. जादा कलमाचं काम कोर्टाच्या आधीच झालेलं असतं. खटला प्रलंबित असेल तर पासपोर्टही अडतो.

एका कृत्यातून अनेक गुन्हे होऊ शकतात, हे मान्य. मारहाण करून मोबाइल हिसकावला तर एकाहून जास्त कलमं लागू शकतात. त्याबद्दल तक्रार नाही.

‘जादा कलमं सरकारी वकील लावतात’ असं उलट बाजूचे म्हणतात, तेही अर्धवटच. एफआयआर आणि दोषारोपपत्रातली कलमं पोलीस लिहितात, आरोप निश्चित करतं न्यायालय. मात्र वकिलांना हात झटकता येणार नाहीत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६०खाली न्यायालयाच्या संमतीने अख्खा खटलाच काय, त्यातला एखादाच आरोपसुद्धा त्यांना मागे घेता येतो.