रक्त आपोआप ओढत नाही

गेल्या महिन्यात आमच्या घराण्याच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली: नातवाला भेटू द्या म्हणून आजी-आजोबा कोर्टात गेले. खाली काकाजींनी लिहिलं, "हे तुमच्या तिकडचं फॅड होय. आपल्याकडं लेकराले भेटाले कागद लागत नाही. रक्त आपोआप ओढते." त्यावर धडाधड अंगठे पडले. सकाळची शिफ्ट असूनही मी इथं जर्मनीत रात्री साडेअकरापर्यंत त्यांना उत्तर लिहीत बसले.

राग यायचं कारण असं की काकाजींच्याच गल्लीत, तीन घरं सोडून, माझ्या बाबांनी तीन वर्षं आपल्या नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं. काकाजींना हे पुरतं ठाऊक आहे.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात. दादा चार वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, मोटारसायकलच्या अपघातात गेला. मागे वहिनी आणि साडेचार वर्षांचं लेकरू. आधी अपघात विम्याच्या २ लाखांवरून कुरबुर सुरू झाली, मग सातबाऱ्यावर नाव चढवायचा विषय निघाला, आणि उन्हाळ्यात वहिनी मुलाला घेऊन वणीकडे माहेरी गेली. पांढरकवड्याला बस बदलली की जेवायच्या वेळेला माणूस तिथं पोचतो. पण बाबांचं एकच, "तिनं नेलं, तिनं आणावं." आणि वहिनीला नवऱ्याचा हिस्सा मागितला म्हणून भर अंगणात लालची म्हटलं होतं, ती कशाला येईल? काकाजी म्हणतात ते ओढणारं रक्त या दोन गावांच्या मधे कुठं अडकलं होतं, हे त्यांनीच सांगावं.

मी सोळा वर्षं आउग्सबुर्गला आहे. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंचा मुलगा आणि सून वेगळे झाले. सुनेशी त्यांचं बोलणं नाही. तरी दर दुसऱ्या शनिवारी दहा वाजता नातू येतो, पाठीवर सॅक, हातात ब्रोटडोजं, म्हणजे खाऊचा डबा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांनी त्या शनिवारांना हिरवे गोल केलेले असतात. इथल्या नागरी कायद्याचं कलम १६८५ सांगतं की लेकराच्या भल्याचं असेल तर त्याला भेटण्याचा आजी-आजोबांना हक्क आहे. आपल्याकडे असा थेट हक्क देणारं कलम नाही. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करायचा, आणि लेकराचं हित बघून न्यायाधीश ठरवतील ते खरं. २०१५ साली विधी आयोगानं २५७व्या अहवालात आजी-आजोबांच्या सहवासाचाही विचार केला होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं लेकराशी बोलता आलं पाहिजे, फोनवर किंवा व्हिडिओवर. ते आईबापांपुरतं. आजी-आजोबा त्यात येत नाहीत.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकाजींचं उत्तर आलं, "तिकडं बसून आमाले नोको शिकवू, माय."

त्यांना मी अर्धंच सांगितलं होतं. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१७ साली आजी-आजोबांचीच मागणी नाकारली आहे. मोठ्यांमधली तेढ इतकी असेल की लेकरू दोघांच्या ओढाताणीत सापडेल, तर अशी भेट त्याच्या भल्याची नाही, असं त्या निकालात आहे. म्हणजे इथलं कलमसुद्धा घरातलं भांडण मिटवून देत नाही. खालच्या आजीबाईंनीही आधी युगेंडआम्टमध्ये, म्हणजे इथल्या बालकल्याण कार्यालयात, सुनेसमोर बसून तिची माफी मागितली होती. हे त्यांनीच मला जिन्यात सांगितलं, आणि माझ्या युक्तिवादाला सोयीचं नव्हतं म्हणून मी ते गाळलं.

आणखी एक गाळलं. सातबाऱ्याचा विषय निघाला तेव्हा बाबा तयार होते. वडिलोपार्जित शेतात दादाचा जो हिस्सा, तो वहिनीचा, लेकराचा आणि आमच्या आईचा. हिंदू वारसा कायद्यातल्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बाप येतही नाही. तलाठ्याकडे जायच्या आदल्या रात्री बाबांनी मला फोन केला. मी म्हणाले, "थांबा बाबा, इतकी घाई काहून? ती उद्या दुसरं लग्न करेल." बाबा थांबले. काकाजींना फॅड दिसतं म्हणून मी चिडते, पण तो तलाठ्याचा दिवस मी अडवला होता.

शेताच्या पैशाची मला गरज नाही. पण त्या कागदावर आमच्या घराचं नाव आमच्याकडेच राहावं, कधी परत गेले तर त्या गावात उभं राहायला माझी जागा असावी, असं मनात होतं. सोळा वर्षं घाटंजीचा उन्हाळा न सोसलेल्या बाईनं गावावरचा हक्क धरून ठेवला, आणि तिथं जन्मलेलं लेकरू गावाबाहेर गेलं. माझ्या मुलीचा इथल्या शाळेतला पहिला दिवस बाबांनी व्हिडिओवर पाहिला. तिच्या हातातलं तिच्याएवढं शुलट्यूटं, म्हणजे पहिल्या दिवशी देतात तो खाऊचा कागदी शंकू, बघून ते हसले, मग म्हणाले, "आपला पोट्टा बी पहिलीत गेला असन." कोणत्या शाळेत, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मार्चमध्ये म्युनिकला जाऊन मी मुखत्यारपत्रावर सही केली. फेरफार झाला. वहिनीला मी स्वतः लिहिलं की नोंद तुझ्या हक्काची आहे, भेटू देणं न देणं तुझ्या मनावर. तिचं उत्तर आलं नाही.

यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी नंदींच्या सणाला, बाबा सकाळच्या बसनं निघाले. पिशवीत दादानं लेकराला घेतलेला लाकडी नंदी. तीन वर्षं तो धान्याच्या कोठीवर होता, आणि दर पोळ्याला बाबा त्याच्या चाकांत तेल सोडत, शिंगांना नवा बेगड लावत. वहिनीनं दार उघडलं, पाणी दिलं, काही बोलली नाही. मुलगा आतून आला. आठ वर्षांचा झालाय. नंदी हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाला, "माहा नंदी मोठा होता."

बाबांनी मला हे दोनदा सांगितलं. तोच नंदी होता. त्यानं तो साडेचार वर्षांच्या डोळ्यांनी पाहिला होता.

मग तो नंदी घेऊन मुलगा गल्लीत घरोघर फिरला. बाबा पायरीवर बसून राहिले. परत आल्यावर त्यानं घरोघर मिळालेले बोजाऱ्याचे सत्तावीस रुपये त्यांच्यापुढं मोजले. आता रविवारी संध्याकाळी वहिनी फोन लावून देते, दहा-पंधरा मिनिटं. आमची आई बाबांच्या बाजूला बसून नुसती ऐकते. त्या कॉलमध्ये मला अजून घेतलेलं नाही, आणि मी तसं विचारलेलंही नाही.