कीबोर्ड चालू होऊ नये म्हणून घ्यायची काळजी

कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या पडद्यावर विंडोज हवं की लिनक्स, अशी यादी आली. खाली सेकंद उलटे मोजले जातायत, तुम्ही डाउन अ‍ॅरो दाबताय आणि पट्टी जागची हलत नाही. मग विंडोज आपलं आपण सुरू होतं, आणि पासवर्ड टाकायच्या वेळी तोच कीबोर्ड टकाटक चालतो. पंगत उठल्यावर पाहुण्यानं हात धुऊन यावं, तसा.

अशा वेळी पहिला उपाय म्हणजे कळ जोरात दाबणे. यूएसबीतून जोर पोचत नाही, असं फक्त पुस्तकी माणसं म्हणतात. दाबून भागलं नाही तर कीबोर्ड उलटा करून झटका. इंदुरातल्या कुठल्याही कीबोर्डातून निदान चिमूटभर जिरावन मसाला आणि दोन शेवा पडतात. रोगाचं कारण सापडल्याचं समाधान मिळतं, आणि तेवढ्यात पुन्हा विंडोज सुरू झालेलं असतं.

दुसरं, दिव्यांवर विश्वास ठेवा. कीबोर्डात लाल-निळे दिवे पळतायत म्हणजे तो चालूच आहे, दोष कॉम्प्युटरचा. आता दिवे लागायला पोर्टातले ५ व्होल्ट पुरतात आणि कळा समजून घ्यायला समोर कुणीतरी जागं असावं लागतं, हा फरक आहे खरा. पण तो घरात बोलू नका. कीबोर्ड महागडा गेमिंगवाला असेल तर फारच छान. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उठून कॉम्प्युटर जागा करणारा प्रोग्रॅम, बिचारा जुन्या वळणाचा: त्याला एका वेळी ८ बाइटांचा साधा निरोप कळतो, त्यात शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळा सोडून फार तर ६ कळा. तुमचा कीबोर्ड मात्र दहाही बोटांचं एकदम ऐकतो म्हणून तुम्ही जास्त पैसे मोजलेत. काही गेमिंग कीबोर्डांना अशा वेळेसाठी बायोस मोडचं बटण असतं. दिसलंच तर त्यावर कंपनीचा स्टिकर लावा. शेजारच्या काकूंकडून साधा वायरचा कीबोर्ड तासाभरासाठी मागून आणणं तर अगदीच कमीपणाचं.

तिसरं, वाकू नका. सीपीयूच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला, काळ्या रंगाचे यूएसबी २ चे पोर्ट असतात. कीबोर्ड तिथे थेट लावला की पुष्कळदा गोष्ट तिथेच मिटते, म्हणूनच तिकडे फिरकू नये. पुढच्या निळ्या, यूएसबी ३ च्या पोर्टात हब (एका पोर्टाची चार करणारी डबी) लावा आणि हबमध्ये कीबोर्ड. बऱ्याच जुन्या मदरबोर्डांवर यूएसबी ३ चा कंट्रोलर विंडोजचा ड्रायव्हर आल्याशिवाय नीट जागा होत नाही, त्यामुळे यश जवळजवळ नक्की. ब्लूटूथचा कीबोर्ड असेल तर पोर्टाचाही विचार नको. बहुतेक कॉम्प्युटरांत त्याची ओळखपरेड विंडोज आल्यावरच होते.

आता मुख्य कारस्थान. बायोसमध्ये ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ नावाची एक ओळ असते. ती बंद असेल तर सिस्टिम उभी राहीपर्यंत यूएसबी कीबोर्डला कुणी विचारत नाही. ती चालू करायला बायोसमध्ये शिरावं लागतं, आणि शिरायला कीबोर्डवरची डिलीट किंवा एफ २ दाबावी लागते. ज्यानं हे रचलं तो नक्की कुठल्यातरी सरकारी कचेरीत मुरलेला असणार. शेजारीच ‘फास्ट बूट’ बसलेलं असतं: सुरू होताना यूएसबीची तपासणी गाळून ते तुमचे काही सेकंद वाचवतं. इंदूरच्या माणसाला या सेकंदांची केवढी निकड, हे सकाळी पोहे-जिलबीच्या गाडीशी अर्धा तास उभं राहून गप्पा मारताना पटतंच.

यातून एक चोरवाट आहे, ती कुणाला सांगू नका. विंडोजमध्ये कीबोर्ड चालतोच. तिथे शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक करायचं, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज, की थेट बायोसमध्ये. नव्या बोर्डांवर तिथे माउसही चालतो. पण हे केलंत तर स्कूटरवर पुढ्यात सीपीयू धरून आरएनटी मार्गाला जाणं रद्द, दुकानदाराचं “भिया, बोर्ड गया” ऐकणं रद्द, आणि येताना खायला छप्पन दुकानला थांबणंही रद्द. दुरुस्तीपायी इतकं सोसायचं का?

जुनी माणसं सांगतील, गोल पिनेचा कीबोर्ड लाव. आयबीएमनं १९८७ मध्ये आणलेलं ते पीएस/२, जांभळ्या भोकात बसणारं. ते खरंच चालतं, कारण त्याला यूएसबीची भानगडच नाही. फक्त कॉम्प्युटर बंद असताना लावायचं. जांभळं भोक तुमच्या बोर्डावर अजून असेलही. कीबोर्ड मात्र मिळणार नाही. २०१७ मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि पुढेही येत राहिलं, ते काय उगाच? रामबागेतल्या घरांच्या माळ्यांवर तीस वर्षं “असू दे, लागेल कधीतरी” म्हणून जपलेलं सगळं कचरागाडीत गेलं. शहराचा नंबर आला, तुमचा कीबोर्ड गेला.

शेवटचा मार्ग शूरांचा. वीज काढून बोर्डावरची रुपयाएवढी ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी काढायची, जरा थांबून परत बसवायची. बायोस मूळ सेटिंगवर येतो. बहुतेक बोर्डांवर मूळ सेटिंगमध्ये लेगसी यूएसबी चालूच असतं, म्हणजे कीबोर्ड सुरू होण्याचा धोका इथे सर्वांत मोठा. पण धीर सोडू नका. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर बायोसमधला हा फेरफार पाहून तो बिथरू शकतो आणि रिकव्हरी की मागतो. पूर्ण ४८ आकडे. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. खातं भाच्यानं उघडून दिलं होतं, पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि भाचा आता पुण्याला असतो.