निकोटीन जाते, खूण राहते
‘तीन-चार दिवसांत निकोटीन शरीराबाहेर पडते आणि व्यसन सुटते’ हे तंबाखूच्या व्यसनावरील एका लेखातील विधान मला अपुरे वाटते. निकोटीन निघून जाते, परंतु त्याच्याशी जोडलेली जागा, वेळ आणि वास मेंदू विसरत नाही, आणि नुसत्या त्या खुणेनेही डोपामाइन हे मेंदूत ओढ निर्माण करणारे रसायन उसळून तलफ येते. मोबाइलवरील जुगारातही हेच घडते.

सोलापुरात यंत्रमागावर 30 वर्षे काढलेल्या माझ्या वडिलांनी तंबाखू सोडून 8 महिने झाले असताना, एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने चुन्याची डबी उघडली, तेव्हा त्यांचा उजवा अंगठा रिकाम्या डाव्या तळहातावर आपोआप फिरू लागला. त्यांना ते कळलेही नव्हते. आम्ही घरच्यांनी मात्र त्यांच्या निग्रहावरच शंका घेतली, याचे मला आजही वाईट वाटते.