गावची शाळा वाचवायचीच असेल तर

गावची जांभ्या दगडाची शाळा मोडकळीला आली असेल, तर लालबागला बसून तिला वाचवणं हे तुम्हा चाकरमान्यांचं कर्तव्यच आहे. आधी शाळेचा फोटो डीपीला लावा, मग मंडळाची सभा बोलवा. सभेला पोरांना नेऊ नका. एक तर त्यांच्या इंग्रजी शाळेचा क्लास बुडतो, शिवाय मराठी शाळेवर तुम्ही गहिवरून बोलत असताना ती ‘बाबा, घरी कधी जायचं’ हेही हिंदीत विचारतील.

दुरुस्तीला गावच्या म्हाताऱ्या गवंड्याला तर मुळीच विचारू नका. तो सांगत बसेल, की जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. पण अंगभर भोकं, पाणी पिणारच. म्हणून त्याला चुन्याचा गिलावा लागतो, म्हणजे प्यालेलं पाणी पावसाळा सरल्यावर त्याच वाटेनं बाहेर पडतं. खरं आहे हो त्याचं! पण चुना घाण्यावर मळणार कधी, सुकणार कधी, आणि मे महिन्यात उद्घाटन कसं व्हायचं? सरळ सिमेंट थापा, वरून ऑइल पेंट. पाणी आत कोंडून दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतील, जांभ्याच्या चिऱ्याची सालही सोबत घेऊन येतील. तोवर कार्यकारिणी बदललेली असते.

मंगळुरी कौलं उतरवून निळा पत्रा घाला. जुलैत पत्र्यावर असा ताशा वाजतो, की गुरुजींचं अक्षर ऐकू येत नाही. स्वयंअध्ययन म्हणतात ते हेच.

मुंबईत १९९५मध्ये वारसा नियमावली आली, तेव्हापासून फोर्टातल्या दगडी इमारतींना हात लावायचा तर समिती आडवी येते. गावी कोण विचारतंय? देणगीदारांचा संगमरवरी फलक बसवायला दारावरचा चिरा खुशाल फोडा. त्यावर कोरलेलं बांधकामाचं साल जाईल, पण तुमचं नाव मधोमध येईल.

एवढं करूनही भिंत फुगलीच, तर घाबरू नका. धोकादायक म्हणून दाखला मिळतो, निर्लेखनाचा, म्हणजे इमारत नोंदीतून काढून पाडायचा, प्रस्ताव जातो, सागवानी वासे लिलावात निघतात. ते कुणाच्या बंगल्यात गेले, हे सभेत विचारायचं नसतं. मुलं तशीही थोडीच उरलीत. वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून एकच समूह शाळा करायचे प्रस्ताव सरकारने २०२३ मध्येच मागवले होते.

लिलावाआधी फलक मात्र आठवणीनं उतरवून घ्या. समूह शाळा पलीकडच्या गावात होणार असेल, तर तिथल्या मंडळाशी भिंतीवरच्या चार फूट जागेची बोलणी आत्ताच करून ठेवा.