गुणाकार येतो हो मला!

जीवशास्त्राच्या क्षेत्रीय केंद्रावर, म्हणजे विद्यार्थी रानात राहून प्राणी-पक्ष्यांचा अभ्यास करतात तिथे, त्यांच्या गटांसाठी स्वयंपाक कसा करावा, यावर मागे लिहिलं होतं. त्याखाली एका अनामिक वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. तिचा मुख्य भाग असा: "काकू, ४० पोरांचा स्वयंपाक म्हणजे घरचा ४ जणांचा स्वयंपाक गुणिले १०. यात शास्त्र कसलं? उरलेला भात फेका म्हणता, हा शुद्ध माज आहे. पोरांना कामाला लावा, शिकतील. आणि २००० मीटर उंचीवर पाणी ९० अंशांना उकळत नाही, तेवढं तरी तपासून लिहीत जा."

शेवटचं आधी घेते. बरोबर आहे तुमचं. साधारण दर ३०० मीटरला एक अंश उतरतो, म्हणजे आकडा ९३ च्या आसपास यायला हवा होता. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. चूक दाखवली की मी ती मान्य करते, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. मात्र ९० काय किंवा ९३ काय, उघड्या पातेल्यात १०० गाठत नाहीत आणि कच्चट राजम्यातलं विष मंद आचेवर जात नाही, म्हणून तिथे राजमा प्रेशर कुकरमध्येच शिजवायचा, हे मी त्याच परिच्छेदात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. असो.

आता ‘काकू’. लेखावर माझं नाव आहे, ते ठळक अक्षरांत आहे. हाच लेख एखाद्या प्राध्यापकांनी लिहिला असता तर "काका, यात शास्त्र कसलं?" असं विचारलं असतंत का? "सर, एक शंका होती" अशी सुरुवात झाली असती. शेजारची लहान मुलं मला काकू म्हणतात, तेव्हा बरं वाटतं. तुमच्या वाक्यातली काकू ती नाही. ती ओट्याशी उभी राहणारी, जिला आकडेमोडीतलं काही कळत नाही अशी कुणी बाई आहे. मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं आहे आणि गेली १४ वर्षं वेगवेगळ्या केंद्रांवर गटांना जेवू घालते आहे. हे सांगायची वेळ यावी याचाच खरं तर राग आला.

तर गुणिले १०. चला, तुमच्याच गणिताने जाऊ. अन्न दहापट झालं आणि पातेलं त्याच घडणीचं मोठं घेतलं, तर त्याची उंची दहापट होत नाही, दुपटीहून थोडी जास्त होते. उष्णता जिथून बाहेर जाते ती बाजू साडेचारपटीच्या आसपास वाढते. म्हणजे निववायचं आहे दहापट आणि निवण्याची वाट आहे साडेचारपट. त्यात घट्ट अन्नाच्या थराची जाडी दुप्पट झाली की मधला भाग निवायला साधारण चौपट वेळ लागतो. घरचा भात अर्ध्या-पाऊण तासात कोमट होतो. ४ किलो तांदळाचा भात, जो शिजून १० किलोच्या वर जातो, मध्यभागी कित्येक तास ऊन राहतो. वरून हात लावाल तर गार लागेल.

पाण्याचंही तेच. वाफ पृष्ठभागावरून जाते, तांदळाच्या वजनाप्रमाणे नाही. पाणी दहापट ओतलंत तर भाताची खळ होईल. शेगडी मात्र तीच असते, तिची आच कुणी दहाने गुणून देत नाही.

भातात बॅसिलस सेरियस नावाचा जीवाणू असतो. त्याचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि ऊन भातात वाढीला लागतात. त्यातले काही प्रकार असं विष तयार करतात की भात पुन्हा कितीही उकळला तरी ते जात नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्नसंहितेत नियम आहे: शिजलेलं अन्न ५७ अंशांवरून २१ वर २ तासांत यायला हवं, आणि पुढच्या ४ तासांत ५ अंशांवर. पातेल्यात हे होत नाही. उथळ ट्रेमध्ये पातळ थर पसरावा लागतो.

घरी सगळे एकाच वेळी जेवतात. केंद्रावर पक्ष्यांवाले उजाडायच्या आत जातात, वटवाघळांचा गट मध्यरात्रीनंतर परततो, पतंग-किड्यांवाले पांढऱ्या पडद्यापाशी दिवा लावून बसलेले असतात ते कधी उठतील त्यांनाच ठाऊक. त्यांच्यासाठी म्हणून पातेलं झाकून ठेवलं जातं. मी ‘उघड्यावर ४ तासांहून जास्त राहिलेला’ भात फेका असं लिहिलं होतं. ते शब्द तुम्ही खाल्लेत आणि माज माझ्या पदरात टाकलात.

पहिल्या वर्षी मीही गुणाकारच केला होता. कुठलं केंद्र ते सांगत नाही. रात्रीचा भात पातेल्यातच राहिला, सकाळी मी तो परतून दिला. दुपारच्या आत ११ जण ओकत होते. अभ्यासासाठी पक्षी पकडायच्या जाळ्यांवर जायला माणूस नव्हता. ही जाळी उघडी ठेवून सोडता येत नाहीत, ठरावीक मिनिटांनी फेरी मारावी लागते, त्यामुळे ती बंद करावी लागली आणि त्या गटाचा एक अख्खा दिवस गेला. दोन मुलींना सलाईन लावावं लागलं. त्यांच्या शिक्षकांना मी काय सांगितलं असेल याची कल्पना करा. त्यांना नका हो सांगू की यात शास्त्र कसलं.

बाकी "पोरांना कामाला लावा" वगैरे. लावतो की! चिरणं, वाढणं, भांडी घासणं, सगळं पाळीने असतं. पण उंदरांचे सापळे लावणारा गट आमिषाला ओट्स आणि शेंगदाण्याचं बटर वापरतो, आणि तोच चमचा कुणीतरी स्वयंपाकघरात परत आणून ठेवतं. गटात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला एकजण असला तर आपोआप शिकायची वाट बघायची का? या विषयावर स्वतंत्र लेख होईल, आज त्यात शिरत नाही.

प्रतिक्रियेत प्लास्टिकच्या ताटल्यांबद्दल आणि मदतनिसांच्या पगाराबद्दलही दोन ओळी होत्या. त्या लेखाचा तो विषय नव्हता.

सोमवारी ३८ जणांचा गट येतो आहे, त्यामुळे पुढचे काही दिवस इथे उत्तरं देता येणार नाहीत. तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण नावानिशी. अनामिक प्रतिक्रिया यापुढे छापणार नाही.