दीडपट स्पीडवर सिनेमा बघणाऱ्यांनो

आज दुपारी भाचीचा फोन आला. अगदी उत्साहात होती. "मावशी, तू सांगितलेला 'डिसायपल' पाहिला गं! छान आहे. जरा स्लो वाटत होता, मग दीडपट स्पीडवर लावला. दीड तासाच्या आत संपला." तिला वाटलं मी खूश होईन. मी फोनवर काही बोलले नाही, पोरीचा उत्साह मोडवेना. पण दुपारपासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांब होणार आहे.

'द डिसायपल' दीडपट स्पीडवर! ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते. चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या एका मुलाचा आहे, शरद नेरुळकरचा. आदित्य मोडक या खऱ्याखुऱ्या गायकाने ती भूमिका केलीय. गाणं येतं, पण हवं तसं येत नाही, आणि त्यात वर्षांमागून वर्षं निघून जातात. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात २०२० साली पटकथेचा पुरस्कार मिळाला या सिनेमाला. तर त्यात शरद रात्री मोकळ्या रस्त्यांवरून मोटरसायकलने जात असतो, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची जुनी भाषणं, मागे तानपुरा. आणि हे सगळं स्लो मोशनमध्ये आहे! त्याची गाडी जणू रस्त्यावरून तरंगत जाते. दिग्दर्शकाने विचार करून जे दृश्य संथ केलं, ते आमच्या भाचीने एक बोट लावून पुन्हा पळवलं. मग पाहिलं काय तिने?

सूर बदलत नाही म्हणे, ॲप तेवढं सांभाळून घेतं. अरे पण लय? तानपुरा ज्या संथपणे छेडलाय तो संथपणा कुठे गेला? माई बोलताना दोन वाक्यांत जी जागा सोडतात ती कुठे गेली? माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भाव्यांचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या, आणि त्याच महिन्याच्या शेवटी हा सिनेमा ओटीटीवर आला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो आवाज ऐकून पॉज करून बसले होते. तो आवाज दीडपट वेगाने कुणी ऐकावा, हे मला सहनच होत नाही.

मला माहितीये, इथे माझ्या यादीत जे आहात ते बहुतेक माझ्यासारखेच आहात. पण आपल्याच घरातली मंडळी हे करतायत, आणि आपण गप्प बसतोय.

मागे एकदा भाऊ घरी आला होता. रात्री जेवणं उरकल्यावर सगळे बसलो आणि मी 'थ्री ऑफ अस' लावला. अविनाश अरुणचा, 'किल्ला'वाला. शेफाली शाहची शैलजा, तिची स्मृती हळूहळू जायला लागलीय, आणि ती सगळं पुसलं जायच्या आत नवऱ्याला घेऊन कोकणात, लहानपणीच्या गावी जाते. तिथे तिचा शाळेतला मित्र आहे, जयदीप अहलावत. बस, एवढीच गोष्ट. रिमोट भावाच्या हातात. ती शाळेत जाते तिथे कुणी काही बोलत नाही, ती नुसती बघत असते. भावाने दहा सेकंद पुढे नेलं. पुन्हा दहा सेकंद. "काही होत नाहीये," म्हणाला.

आणि बाबा म्हणाले, "मागे घे."

बाबा आमचे सिनेमाबद्दल कधी काही बोलत नाहीत. बातम्या लागल्या तरी खुर्चीत पेंगतात. तेच बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. भावाने मागे घेतलं. सगळ्यांनी ती शाळा पूर्ण बघितली.

"काही होत नाहीये." या वाक्याचा मला खरंच राग येतो. काही होत नाहीये म्हणजे काय? कुणी कुणाला मारत नाहीये, एवढंच ना? शेफालीच्या डोळ्यांत बघा की. ओळखीचं काहीतरी सापडतं, मग निसटतं, मग ती ते निसटलेलं नवऱ्यापासून लपवते. हे सगळं एका चेहऱ्यावर घडतंय, आणि घडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच घेतलाय. अख्खा सिनेमा पावणेदोन तासांचाही नाही. तेवढाही वेळ नसेल तर लावूच नका ना. दुसरं काहीतरी करा, झोपा. पण अर्धवट बघून वर "ठीक होता" असा निकाल देऊ नका.

तेच पायल कपाडियाच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'चं. २०२४ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ग्रँड प्री हा पुरस्कार मिळाल्यावर सगळ्यांनी अभिमानाने शेअर केलं होतं. मीही केलं होतं. घरी बसून पूर्ण किती जणांनी पाहिला? त्यात प्रभा नर्स आहे. नवरा जर्मनीत, फोन नाही, पत्र नाही, आणि एक दिवस तिकडून लाल रंगाचा राइस कुकर येतो. रात्री एकटी असताना ती त्या कुकरला मिठी मारते. जमिनीवर बसून, गच्च. एक शब्द नाही. माझी एक मैत्रीण, जिने सिनेमा संपवला असं मला सांगितलं, तिला हा कुकर आठवतच नव्हता. "अगं, मध्ये जरा फोन बघत होते." छाया कदमचं काम किती छान झालंय म्हणून मी तिच्याशी उत्साहाने बोलत होते, आणि तिला नुसतं "ती कोकणातली ना?" एवढंच आठवत होतं. वाईट वाटलं मला. मैत्रिणीचा राग नाही आला, वाईट वाटलं.

दिवसभर राबून आलेल्या माणसाला डोकं बाजूला ठेवून काहीतरी बघावंसं वाटतं, हे मान्य. काही सिनेमे उगाच ताणलेले असतात, हेही मान्य. मी स्वतः अलीकडेच एक मारधाडीचा पाहिला, जवळजवळ तीन तासांचा, त्यात एक क्षण कुणी स्वस्थ उभं राहत नाही आणि तरी संपता संपत नाही. तो कुणी दीडपट काय, दुप्पट वेगाने बघितला तरी माझी हरकत नाही. पण गंमत बघा, तो कुणी पळवत नाही! तो पूर्ण बघतात. पळवतात तो गप्प बसलेला माणूस. खिडकीतून बघणारी बाई. रिकामा रस्ता.

नेटफ्लिक्सने २०१९मध्ये ही स्पीडची सोय तपासून बघायला सुरुवात केली तेव्हा हॉलिवूडच्या दिग्दर्शकांनी चांगलंच फैलावर घेतलं होतं. ब्रॅड बर्ड, जड अपाटो, मोठी मोठी माणसं. तरी २०२०ला ती सोय आलीच. ज्यांना नीट ऐकू येत नाही किंवा भाषा शिकायची आहे त्यांना सावकाश लावता येतं, तेवढा फायदा आहे, नाकारत नाही. पण सावकाश लावणारं माझ्या माहितीत तरी कुणी नाही.

आणि संपल्यावर काय होतं ते तर विचारूच नका. शेवटचं दृश्य मनात उतरतंय न उतरतंय तोवर चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं आणि दुसऱ्याच कशाचा तरी ट्रेलर धडाधडा वाजायला लागतो. ज्यांनी तो सिनेमा केला त्यांची नावं वाचायची सोय नाही. रिमोट शोधेपर्यंत पाच, चार, तीन, दोन... अरे, थांबा ना जरा! आत्ता कुठे डोळे पुसत होते मी!

'थ्री ऑफ अस' संपला तेव्हाही तेच झालं. पण यावेळी भावानेच चटकन टीव्ही बंद केला. कुणी दिवा लावला नाही. थोड्या वेळाने बाबांनी एक नाव घेतलं. आम्ही कुणीच ते नाव कधी ऐकलं नव्हतं. आईनेही नाही. चौथीत बाबांच्या शेजारी बसायचा म्हणे तो. वर्षाच्या मध्येच त्याच्या वडिलांनी बिऱ्हाड हलवलं, कुणाला सांगितलं नाही. "त्याची पाटी माझ्याकडेच राहिली," बाबा म्हणाले. "एक कोपरा फुटका होता. मी पुष्कळ दिवस रोज दप्तरात घालून न्यायचो, येईल म्हणून."

एवढ्या वर्षांत बाबांनी हे सांगितलं नव्हतं. सांगायला मध्ये कधी जागाच झाली नसावी. ती त्या शाळेच्या दृश्यात झाली, जिथे भावाला काही होत नाही असं वाटत होतं.

भाचीला हे कसं सांगू? ती मनाने फार गोड मुलगी आहे. माझ्या सांगण्यावरून तिने एक अवघड सिनेमा लावला, हे काही कमी नाही. तिच्या वयाची किती मुलं ख्यालावरचा सिनेमा बघायला बसतील? हे लिहिताना मघाचा राग थोडा निवळलाय माझा. पण थोडाच. कारण तिला मी आता ताम्हाणेचाच 'कोर्ट' बघ म्हणून सांगणार होते, आणि आता धास्ती वाटतेय. 'कोर्ट'मध्ये एका लोकशाहिरावर खटला चालतो. शेवटाकडे सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे एकेक करून बंद होतात आणि पडद्यावर चक्क अंधार होतो. तसाच राहतो. घाईतल्या माणसाला वाटणार, संपला. तो बंद करणार. आणि खरा घाव तर त्यानंतर आहे! न्यायाधीश सुट्टीवर गेलेत, बाकावर डुलकी घेतायत, पोरं दचकवतात आणि ते एकाला चापट मारतात. लोकशाहिराचं आयुष्य ज्याच्या हातात होतं तो हा माणूस. तो अंधार सोसल्याशिवाय ती चापट लागत नाही. त्या लोकशाहिराचं, नारायण कांबळेंचं काम करणारे वीरा साथीदारही एप्रिल २०२१ मध्येच गेले. त्यांना गाताना बघायचं तर पूर्ण बघा, जसं गायलेत त्या वेगाने बघा.

आणि ज्यांना "रोज तेच तेच दाखवतात" ही तक्रार आहे त्यांनी जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' लावावा. टोकियोत सार्वजनिक शौचालयं साफ करणारा माणूस. रोज उठतो, रोपांना पाणी घालतो, कामाला जातो. खरंच रोज तेच. आणि शेवटी गाडी चालवताना त्याचा चेहरा आपल्यासमोर राहतो, बराच वेळ, हसतो की रडतो कळत नाही. ती भूमिका करणाऱ्या कोजी याकुशोला कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला त्याचा. त्या चेहऱ्यावर दहा सेकंद पुढे दाबून दाखवा मला.

तुम्ही अलीकडे घरी काय काय पाहिलंत ते कमेंटमध्ये लिहा, मला यादी करायचीच आहे. नुसतं नाव नको, जिथे कुणीच बोलत नाही असा त्यातला एखादा प्रसंगही लिहा. आणि "स्लो आहे" असं लिहिणार असाल तर आधी सांगा, कुठल्या स्पीडवर पाहिलात.