समोरासमोर उभं राहिलं म्हणजे झालं?

निवडणूक कुठलीही असो, आमच्या घरच्या ग्रुपवर एक वाक्य येतंच. ‘अमेरिकेत बघा, दोघं समोरासमोर उभे राहतात, उत्तरं देतात. आपल्याकडे आहे का कुणाची छाती?’ जानेवारी २०२६ मध्ये पुणे महापालिकेची निवडणूक झाली तेव्हाही तेच निघालं. या वेळी पुण्याच्या आतेभावाने थेट मलाच लिहिलं, ‘दादा, तू तर तिथला मतदार. सांग ना यांना.’ तर सांगतो. अध्यक्षपदाच्या उमेदवारांची ती डिबेट मी तिथला मतदार म्हणून पाहिली आहे, आणि तिच्यासाठी चाललेली ही हळहळ मला आता ऐकवत नाही.

मूळ तक्रार खोटी नाही. मे २०२४ मध्ये, लोकसभेचं मतदान चालू असताना, माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, माजी न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि संपादक एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी या दोघांनाही जाहीर चर्चेचं आमंत्रण दिलं. राहुल गांधींनी होकार कळवला. भाजपने आपल्या युवा मोर्चाच्या एका पदाधिकाऱ्याचं नाव पुढे केलं. चर्चा झालीच नाही. आतेभावाच्या मनात तो राग अजून आहे आणि तो रास्त आहे. देशाच्या पंतप्रधानाने प्रश्न घ्यायलाच हवेत. पण त्यावरचं औषध म्हणून तो जे मागतो आहे, त्याचा परिणाम मी माझ्या दारात पाहिला आहे.

१० सप्टेंबर २०२४, रात्रीचे नऊ. फिलाडेल्फियात कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प. पुण्यात तेव्हा ११ तारखेची सकाळ, साडेसहा वाजलेले, गौरीपूजनाचा दिवस. आत्या पुरणाची डाळ कुकरला लावून टीव्हीसमोर बसली होती. हॅरिस स्वतः चालत पलीकडे गेल्या, ट्रम्प यांच्यापुढे हात केला, आणि ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. ‘आपली आहे हो!’ कुणी तरी लिहिलं. त्यांच्या आई मद्रासच्या, एवढ्या धाग्यावर.

मी ओहायोत, डेटनजवळ राहतो. पहिल्या तासातच ट्रम्प स्प्रिंगफील्डवर आले. ‘ते कुत्री खाताहेत, मांजरं खाताहेत, तिथे राहणाऱ्यांचे पाळीव प्राणी खाताहेत.’

स्प्रिंगफील्ड माझ्या घरापासून २५ मैलांवर आहे. कोलंबसला जाताना आय-७० वर त्याची पाटी लागते. कारखाने बंद पडत गेले आणि रिकामं होत गेलेलं, ६० हजारांच्या आतलं गाव. गेल्या काही वर्षांत तिथे हैतीहून लोक कामाला आले, गोदामांत आणि कारखान्यांत. नगरपालिकेच्या अंदाजाने १२ ते १५ हजार, आणि बहुतेक सगळे कायद्याने आलेले. घरभाडी वाढली, दवाखान्यांत गर्दी झाली, हैतीची क्रिओल भाषा बोलणाऱ्या मुलांनी वर्ग भरले. या तक्रारी खऱ्या होत्या आणि त्या मांडायचा तिथल्या जुन्या रहिवाशांना पूर्ण हक्क होता. कुत्र्या-मांजरांची गोष्ट खोटी होती. डिबेटचे सूत्रसंचालक डेव्हिड म्युअर यांनी तिथल्या तिथे सांगितलं की आम्ही नगर व्यवस्थापकांकडे चौकशी केली, असा एकही विश्वासार्ह प्रकार घडलेला नाही. हॅरिस हसल्या. पुण्याहूनही हसण्याच्या इमोजी आल्या. ‘पकडला की नाही!’ आतेभावाने लिहिलं.

मला हसू आलं नाही. ६ कोटी ७० लाख लोक ती डिबेट पाहत होते. दोनच दिवसांत स्प्रिंगफील्डच्या नगरपालिकेची इमारत बॉम्बच्या धमकीने रिकामी करावी लागली. मग शाळा, मग दवाखाने. तीसच्या वर धमक्या आल्या आणि सगळ्या खोट्या निघाल्या. तरी सकाळी शाळेत सोडलेलं मूल दुपारी भलत्याच इमारतीतून घ्यायला जाणाऱ्या आईला त्या खोट्या आहेत हे कसं कळणार होतं? सप्टेंबरअखेर तिथे दरवर्षी कल्चरफेस्ट भरतो, तो रद्द झाला. गव्हर्नर माइक डिवाइन, ट्रम्प यांच्याच पक्षाचे आणि स्प्रिंगफील्डमध्येच जन्मलेले, त्यांनी ही गोष्ट खोटी असल्याचं स्पष्ट सांगितलं आणि शाळा तपासायला राज्याचे पोलीस पाठवले. हे मी मुद्दाम सांगतो. आपल्याच पक्षाच्या सर्वोच्च नेत्याला, ऐन निवडणुकीत, ‘हे खरं नाही’ असं जाहीरपणे सांगणारा मुख्यमंत्री ग्रुपवरच्या कुणी अलीकडे पाहिला असेल तर मला नाव कळवा.

पकडलं म्हणून झालं काय? डिबेटनंतर पाचच दिवसांनी ट्रम्प यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स, ज्यांना आमच्या ग्रुपवर कौतुकाने ‘आंध्रचा जावई’ म्हणतात आणि जे तेव्हा ओहायोचे, म्हणजे माझे सिनेटर होते, सीएनएनवर म्हणाले की लोकांच्या हालांकडे माध्यमांचं लक्ष जावं म्हणून मला गोष्टी तयार कराव्या लागल्या तर मी त्या करेन. नोव्हेंबरमध्ये ओहायोत ही जोडी ११ टक्क्यांनी जिंकली. २०२५ मध्ये हैतीच्या लोकांचं तात्पुरतं संरक्षण काढून घ्यायचे आदेश निघाले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. समोरासमोर उभं राहणं झालं, प्रश्न झाले, चूक तिथल्या तिथे दाखवून झाली. किंमत मोजली ती त्या मंचापासून शेकडो मैल दूर असलेल्या शाळकरी मुलांनी.

डिबेटने काहीच साधत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच वर्षी २७ जूनला अटलांटातल्या डिबेटमध्ये जो बायडन यांना मी पाहिलं. ८१ वर्षांचा माणूस वाक्याच्या मध्येच हरवत होता आणि ‘अखेर आपण मेडिकेअरला हरवलं’ म्हणत होता. मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा. मी त्यांना आधी मत दिलं होतं, पुन्हा देणार होतो. पक्षाने इतके महिने जे झाकलं ते दीड तासात उघडं पडलं आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. सभेतल्या लिहून दिलेल्या भाषणात ते कधीच दिसलं नसतं. पण इथे सगळा कारभार एका माणसाच्या हातात सोपवायचा असतो, म्हणून तो माणूस उभा करून पाहावा लागतो. आपल्याकडे ५४३ खासदार निवडायचे आणि त्यांनी सभागृहात सरकारला धारेवर धरायचं, अशी रचना आहे. बॅरिस्टर नाथ पै, मधू लिमये, मधू दंडवते यांनी हे काम केलं, आणि त्यांना कुठल्या वाहिनीने पोडियम मांडून दिलं नव्हतं.

माझं बालपण गोरेगावचं. १९७७ साली मृणालताई गोरे आमच्याकडून लोकसभेला उभ्या होत्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा आमच्या चाळीच्या भिंतीवर चुन्याने रंगवलेली होती. चाळीतल्या बायका मृणालताईंना नळाची वेळ विचारायच्या, रेशनवरचं रॉकेल विचारायच्या, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारायच्या. मृणालताई गोरेगावातच राहायच्या. आज काहीही सांगून उद्या त्याच गल्लीतून तोंड चुकवत जायची त्यांना सोय नव्हती. फिलाडेल्फियातल्या त्या मंचावर मला हीच गोष्ट दिसली नाही. जो बोलला तो विमानात बसला आणि गेला.

त्याच गोरेगावातली दुसरी गोष्टही मला सांगायला हवी. मी अगदी लहान असताना मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ चालू होतं. स्टेशनजवळच्या उडप्याच्या हॉटेलाची काच फुटली. वडील ते सांगायचे तेव्हा आवाज खाली आणायचे, कारण चाळीतल्या निम्म्या घरांना ते योग्यच वाटत होतं. नोकऱ्या घेतात, खोल्या अडवतात, काहीही खातात. हीच वाक्यं मी त्या रात्री इंग्रजीत ऐकली. फरक इतकाच, की काच फुटण्याच्या कुठल्या बाजूला मी उभा आहे ते बदललं होतं.

त्या आठवड्यात आमच्या मंडळाची बैठक होती. शनिवारी विसर्जन, ढोल-ताशा घेऊन हॉलपासून तळ्यापर्यंत मिरवणूक, दरवर्षीसारखी. मिरवणूक या वेळी पार्किंगमध्येच काढावी, असं कुणी तरी सुचवलं. ‘आपला काय संबंध? आपण हैतीचे थोडेच आहोत,’ एक जण म्हणाला. रायटपॅटला, म्हणजे इथल्या हवाई दलाच्या तळावर, वीस वर्षं काम केलेल्या एका मावशींनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘पिकअपमधून जाणारा थांबून पासपोर्ट बघणार आहे का तुझा?’ पुढे कुणी बोललं नाही. मिरवणूक पार्किंगमध्ये निघाली. ताशा वाजत होता आणि मी सारखा रस्त्याकडे बघत होतो. इतकी वर्षं इथे घर, कर, मुलांच्या शाळा, अंगणात उमेदवाराची पाटी. असं रस्त्याकडे बघावं लागेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

आता पुन्हा आतेभावाकडे येतो. १० सप्टेंबरलाच, डिबेटच्या दिवशी, स्प्रिंगफील्डच्या सिटी कमिशनच्या बैठकीत एक बाप बोलायला उभा राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये हैतीहून आलेल्या एका चालकाच्या गाडीची शाळेच्या बसला धडक बसली होती आणि त्यात त्याचा ११ वर्षांचा मुलगा गेला होता. राजकारणी तो मृत्यू सभा-सभांतून वापरत होते. तो बाप म्हणाला, माझा मुलगा एखाद्या साठ वर्षांच्या गोऱ्या माणसाच्या गाडीखाली गेला असता तर बरं झालं असतं, निदान द्वेष ओकणाऱ्यांनी आम्हाला सोडलं असतं. माझ्या मुलाचं नाव मतांसाठी घेऊ नका, असं त्याने नेत्यांची नावं घेऊन सांगितलं. समोर गावाने निवडून दिलेले पाच जण बसले होते आणि त्यांना ते ऐकून घ्यावं लागलं. अमेरिकेकडून घ्यायचंच असेल तर मी हे घेईन.

आणि पुण्यात? मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत, जवळजवळ चार वर्षं, पुणे महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. मुंबईतही नव्हता. प्रशासक कारभार पाहत होते. रस्ता खचला, पाणी आलं नाही, तर मुख्य सभेत उभं राहून विचारणारं कुणीच नव्हतं. या चार वर्षांत आमच्या ग्रुपवर अमेरिकेच्या दोन डिबेटांची रनिंग कॉमेंट्री झाली. महापालिकेची निवडणूक का होत नाही, यावर एकानेही दोन ओळी लिहिल्या नाहीत. मी हे लिहिलं तेव्हा आतेभावाचं उत्तर आलं, ‘दादा, तुला इथे मत नाही. तू कशाला जीव जाळतोस?’

ते लागलं, कारण ते खरं आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बोर्ड ऑफ इलेक्शन्सच्या, म्हणजे इथल्या निवडणूक कार्यालयाच्या, रांगेत उभं राहून मी जिथे मत दिलं, तिथे त्या मंचावरचं एकही वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी त्यांच्या बोलण्यात होतो तो फक्त ‘ते लोक’ म्हणून. आणि जिथली भांडणं वाचून माझी झोप उडते, तिथल्या मतदारयादीतून माझं नाव कधीच गेलं. पण गोरेगावच्या आई-बाबांच्या घराचा मालमत्ता कर मी आजही भरतो, पाणीपट्टी भरतो, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त मागवून वाचतो. त्या भिंतीवरची चुन्याची घोषणा वाचत मी अक्षरं गिरवली. नळाला पाणी का नाही, हे विचारायचा हक्क मी कुणाला देऊन टाकलेला नाही. आतेभावाच्या प्रभागातून निवडून आलेले नगरसेवक कोण आणि पुढची मुख्य सभा कधी, एवढं त्याने ग्रुपवर टाकावं. त्यांना काय विचारायचं त्याची यादी मी पाठवतो.